रंगाने राखलेले लाकूड

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मध्यभागी अलामो स्क्वेअर नावाचे एक टेकडीवजा उद्यान आहे. त्याच्या माथ्यावरील हिरवळीवरून पूर्वेकडे दृष्टी टाकली असता स्टायनर रस्त्याच्या कडेने परस्परांना खेटून उभी असलेली, चढणीबरोबर क्रमाक्रमाने उंचावत गेलेली सात लाकडी घरे दिसतात, आणि त्यांच्या शिखरांपलीकडून महानगरातील काच व पोलाद यांच्या गगनचुंबी इमारती डोकावत असतात. मॅथ्यू कॅव्हनॉ नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १८९२ ते १८९६ या काळात ही घरे बांधली, आणि त्यांपैकीच एकात तो स्वतः राहिला. पोस्टकार्डांवर, दिनदर्शिकांवर आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांत ही ओळ इतक्या वेळा झळकली आहे की त्या शहराची ती आता अधिकृत मुद्राच होऊन बसली आहे. भिंतीला एक रंग, खिडक्यांच्या चौकटींना दुसरा, छपराखालच्या कंगणीला तिसरा आणि नक्षीच्या पाकळीपाकळीला चौथा-पाचवा, असा तो थाट पाहून एकोणिसाव्या शतकातील हे शहर असेच रंगीबेरंगी असले पाहिजे, अशी पाहणाऱ्याची सहज समजूत होते. ती समजूत निम्मीच खरी आहे. घरांचे लाकूड आणि त्यावरील कोरीव काम एकोणिसाव्या शतकातले आहे. अंगावरचा रंगीत साज मात्र १९६३ नंतर सुरू झालेल्या एका हौशी चळवळीने चढविलेला आहे. परंतु हा उत्तरकालीन साज चढला नसता तर मूळच्या लाकडापैकी पुष्कळसे आज शिल्लकही राहिले नसते; आणि म्हणूनच जुन्या वास्तूंचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्याला या घरांची हकीकत उद्बोधक वाटावी अशी आहे.

‘व्हिक्टोरियन’ हे विशेषण ऐकताच मुंबईकर वाचकाच्या डोळ्यांपुढे बोरीबंदरचे स्थानक, उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभे राहतात. त्या इमारती दगडी आहेत, सार्वजनिक आहेत, आणि त्यांची रंगसंगती दगडाच्या जातीने एकदाच आणि कायमची ठरवून टाकली आहे. सॅन फ्रान्सिस्कोवर राणी व्हिक्टोरियाचा अंमल कधीच नव्हता. १८३७ ते १९०१ या तिच्या कारकिर्दीत इंग्लंडातून निघालेली वास्तुशैलीची फॅशन तेवढी महासागर ओलांडून तेथे पोहोचली. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका लाकूड-गिरणीच्या पाटात सोन्याचे कण सापडले आणि हजारभर वस्तीचे ते बंदर दोन वर्षांच्या आत वीस-पंचवीस हजारांचे शहर झाले. सोन्यामागून चांदीच्या खाणी आल्या, रेल्वे आली, व्यापार आला, आणि कारकून, दुकानदार, नावाडी, कारागीर अशा मध्यम स्थितीच्या लोकांना घरे हवीशी झाली. दगड दुर्मीळ होता, विटेला भूकंपाचे भय होते. परंतु उत्तरेस मेंडोसिनो आणि हंबोल्ट या किनाऱ्यांवर रेडवूड वृक्षांची अफाट अरण्ये उभी होती. या वृक्षाचे लाकूड सरळ रेषांचे, हलके, हत्याराखाली मऊ आणि तरीही कूज व कीड यांना सहसा दाद न देणारे असते. शिवाय ते रंग चांगला धरून ठेवते. शिडाच्या जहाजांतून हे लाकूड बंदरात उतरू लागले, आणि वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या करवती व काती त्यापासून खांब, हस्त, जाळ्या, कळस आणि पाने-फुले यांचा अक्षरशः घाऊक माल पाडू लागल्या. एरवी एखाद्या सरदाराच्या वाड्यालाच परवडावी अशी नक्षी या गिरण्यांच्या छापील यादीतून निवडून साधा पगारदार माणूस आपल्या घराच्या दर्शनी भागावर ठोकून घेऊ लागला. या घरांच्या शोभेचे मूळ असे यंत्रयुगात आहे, हे विसरून चालणार नाही.

शहराची आखणी चौकोनी पटासारखी केलेली असून घराचा भूखंड बहुधा अवघा पंचवीस फूट रुंद आणि त्याच्या चौपटीच्या आसपास खोल असे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. तेव्हा घरमालकाची सारी ऐट दाखवावयाची ती समोरच्या पंचवीस फुटांतच. ‘द रिअल इस्टेट असोसिएट्स’ या कंपनीने १८७० नंतरच्या दशकात अशी हजाराहून अधिक घरे बांधली व ती हप्त्यांनी विकून अनेक कुटुंबांना मिळकतदार केले. पुढे तिचे दिवाळे निघाले, पण तिची घरे राहिली. शैलींचा क्रम स्थूलमानाने असा सांगता येईल. १८७० च्या सुमारास इटलीतील वाड्यांचे अनुकरण करणारी ‘इटालियनेट’ तऱ्हा प्रचलित होती: वर छपराला झाकणारी खोटी कपाळपट्टी, तिच्याखाली नक्षीदार हस्तांवर तोललेली जड कंगणी आणि तिरप्या बाजूंच्या, भिंतीबाहेर आलेल्या उंच खिडक्या. पुढच्या दशकात ‘स्टिक’ शैली आली. तीत खिडक्या चौकोनी झाल्या आणि उभ्या-आडव्या पट्ट्यांनी घराची आखणी रेखून दाखविण्याचा परिपाठ पडला. इंग्लंडातील अभिरुचिशिक्षक चार्ल्स ईस्टलेक याचे नाव कॅलिफोर्नियातील सुतारांनी परस्पर या नक्षीला जोडून टाकले, आणि ते कळल्यावर त्या गृहस्थाने जाहीर नापसंती व्यक्त केली. परंतु नाव चिकटले ते चिकटलेच. १८९० च्या सुमारास ‘क्वीन अ‍ॅन’ शैलीने सर्वांवर ताण केली: उतरत्या पाख्यांचे त्रिकोणी शिखर, कोपऱ्यात टोकदार टोपीचा बुरूज, माशाच्या खवल्यांप्रमाणे कातरलेल्या फळ्या, आणि शिखराच्या पोटात उगवत्या सूर्याची किरणे. अलामो स्क्वेअरची ती सात घरे या शेवटल्या संप्रदायातली आहेत.

मग या घरांचे मूळचे रंग कोणते होते? इटालियनेट घराची आकांक्षा दगडी दिसण्याची होती. म्हणून त्याला राखी, पिवळसर किंवा वालुकामय रंग देत, आणि रंग ओला असतानाच त्यावर वाळू उडवून दगडाचा खरखरीतपणा आणण्याची युक्तीही काही ठिकाणी योजीत. त्या काळी रंगारी सफेदा आणि जवसाचे तेल जागेवरच घोटून रंग तयार करी, त्यामुळे रंगांच्या छटा मोजक्या असत आणि प्रत्येक घाणीचा रंग थोडा निराळा उतरे. १८७० नंतर कारखान्यात मिसळलेला तयार रंग पत्र्याच्या डब्यातून विकला जाऊ लागला. शर्विन-विल्यम्ससारख्या कारखानदारांनी छटांची छापील पत्रके वाटली, आणि विटकरी, शेवाळी, गेरूसारखा, तपकिरी, गडद तांबडा अशा जडशीळ रंगांची लाट आली. ही लाट सर्वांना रुचली असे मात्र नाही. शहरातील घरे आता भडक रंगांत न्हाऊ लागली आहेत, अशी तक्रार १८८५ सालीच छापून आली होती. तथापि ते रंग मातीच्या कुळीचे होते. आज दिसणारे जांभळे, गुलाबी, फिरोजी यांचे संयोग त्या पिढीला अपरिचित होते. पुढे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनातील शुभ्र इमारतींनी अमेरिकेची दृष्टी बदलली, आणि शतक सरता सरता फॅशनचा लंबक पांढऱ्या व फिकट रंगांकडे झुकला.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी भूकंप झाला. धक्क्याने जे पडले त्याहून कितीतरी पटींनी अधिक त्यानंतर भडकलेल्या आगीने गिळले. पाण्याचे नळ फुटलेले, चार दिवस वणवा चाललेला, आणि तो अडविण्यासाठी व्हॅन नेस या रुंद रस्त्यालगतची घरे सुरुंगाने उडवून देण्याची वेळ आलेली. अशा त्या प्रलयात २८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि आधुनिक अंदाजाप्रमाणे तीन हजारांवर माणसे मेली. नॉब हिलवरील धनाढ्यांचे लाकडी महाल बेचिराख झाले. मात्र व्हॅन नेसच्या पश्चिमेकडील वेस्टर्न अ‍ॅडिशन, हेट आणि दक्षिणेस मिशन विभागाचा काही भाग येथील मध्यमवर्गीय घरे बचावली. आज जे व्हिक्टोरियन वैभव म्हणून दाखविले जाते ते बहुतांशी कारकुनांचे आणि दुकानदारांचे वैभव आहे, याचे कारण त्या आगीच्या वाटेत सापडते.

आगीतून वाचलेल्या घरांवर खरे संकट आले ते नंतरच्या पन्नास वर्षांत. नवी पिढी साध्या रेषांची भोक्ती होती. तिला आजोबांची नक्षी बाष्कळ वाटू लागली. मोठ्या घरांचे तुकडे पाडून खोल्या भाड्याने लावण्यात आल्या. महायुद्धांच्या काळात आरमाराच्या युद्धनौकांसाठीचा राखी रंग शिलकी मालात स्वस्त मिळे, तो अनेक घरांवर फासला गेला, आणि रस्तेच्या रस्ते एकाच मळकट छटेचे झाले. १९४० ते १९६० या काळात दारोदार हिंडणारे विक्रेते घरमालकांना पटवीत की लाकडी नक्षी काढून टाकून भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचे तक्ते चढविले, तर रंगरंगोटीच्या कटकटीतून कायमची सुटका होईल. मग पहारी लागल्या; हस्त, कंगण्या, महिरपी उखडून जाळण्यात आल्या, आणि पंचवीस फुटांची ती अभिमानाची दर्शनी बाजू कोऱ्या पाटीसारखी सपाट झाली.

याहून भयंकर घाव सरकारी होता. वेस्टर्न अ‍ॅडिशन विभागात जपानी वंशाच्या लोकांची जुनी वस्ती होती. १९४२ साली त्यांना सक्तीने छावण्यांत नेण्यात आले, आणि रिकाम्या झालेल्या घरांतून गोदीच्या कामासाठी अमेरिकेच्या दक्षिण भागातून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे राहू लागली. फिलमोर रस्ता त्यांच्या जॅझ संगीताने दुमदुमू लागला. परंतु नगर-पुनर्विकास यंत्रणेच्या दप्तरी हा सारा विभाग ‘मोडकळीस आलेला’ म्हणून नोंदला गेला, आणि १९५० नंतरच्या दोन दशकांत संपादनाच्या नोटिसा, अपुरा मोबदला आणि तोडकामाची यंत्रे या क्रमाने तेथील सुमारे अडीच हजार व्हिक्टोरियन घरे पाडण्यात आली. हजारो कुटुंबांना परत येण्याचे लेखी हमीपत्र मिळाले होते, पण ज्या जागेवर परतावयाचे तेथे पुष्कळ वर्षे नुसती मैदाने राहिली. घरांच्या जतनाविषयी लिहिताना या माणसांचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण लाकूड वाचविण्याची जाणीव शहराला झाली ती त्यात राहणाऱ्यांना उठवून झाल्यावर.

या पार्श्वभूमीवर १९६३ साली बुच कार्डम नावाच्या एका चित्रकाराने आपल्या इटालियनेट घराचा बाह्यभाग गडद निळ्या आणि हिरव्या रंगांच्या मिश्रणाने रंगविला. शेजाऱ्यांपैकी काहींनी नाके मुरडली. परंतु काहींनी आपल्याही घराला असेच काहीतरी करता येईल का, अशी विचारणा केली, आणि पाहता पाहता कार्डम हा इतरांच्या घरांचे रंग ठरवून देणारा सल्लागार झाला. त्याच्यामागून बॉब बक्टर, टोनी कॅनालेटिक, जॅझन वंडर्स असे ‘कलरिस्ट’ पुढे आले. रंग लावणारा निराळा आणि रंग ठरविणारा निराळा, असा एक नवाच व्यवसाय त्या शहरात जन्मास आला. तो काळही अनुकूल होता. हेट-अ‍ॅशबरी भागात हिप्पी तरुणांनी स्वस्त भाड्याची जुनी घरे व्यापली होती, आणि रूढ रंगरुचीची चेष्टा करण्यात त्यांना पुरुषार्थ वाटत होता. पुढे कॅस्ट्रो भागात समलिंगी पुरुषांनी, ज्यांना अन्यत्र सहज घरे मिळत नसत, पडीक व्हिक्टोरियन घरे विकत घेऊन ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. अशा रीतीने प्रतिष्ठितांनी टाकून दिलेल्या घरांना प्रतिष्ठेबाहेरच्या माणसांनी आसरा दिला. किंबहुना त्यांनी परस्परांना आसरा दिला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

रंगाच्या या उत्साहाला विद्वत्तेची जोड मिळाली ती १९६८ साली. त्या वर्षी ज्युनियर लीग या महिला-संस्थेने शहरातील वास्तूंची पाहणी करून ‘हिअर टुडे’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि काय गमावले व काय उरले याचा ताळेबंद प्रथमच लोकांसमोर आला. १९७१ मध्ये वास्तुवारशाच्या रक्षणासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. १८८६ साली बांधलेले हास-लिलिएंथाल कुटुंबाचे भव्य क्वीन अ‍ॅन घर त्याच्या ताब्यात आले व लोकांसाठी खुले झाले. १९७४ साली तर तोडकामाच्या रेषेत आलेली बारा घरे जोत्यावरून उचलून, चाकांच्या गाड्यांवर चढवून, रस्त्यावरील तारा तात्पुरत्या बाजूला करीत दुसऱ्या जागी नेण्यात आली. दगडी इमारतीच्या बाबतीत जे कल्पनेतही येणार नाही ते लाकडी सांगाड्याच्या हलकेपणाने शक्य केले. १९७८ मध्ये एलिझाबेथ पोमाडा आणि मायकेल लार्सन यांचे ‘पेंटेड लेडीज’ हे सचित्र पुस्तक निघाले, आणि त्या घरांना जगभर ओळखले जाणारे नाव लाभले. राखी रंगाखाली पन्नास वर्षे कोणाच्याही नजरेस न आलेली कलाकुसर चार रंगांच्या फरकाने उठून दिसू लागली होती. जे दिसू लागले त्याची किंमत लोकांना कळू लागली, आणि ज्याची किंमत कळली ते पाडावयास हुकूम काढणे कठीण होऊन बसले. सभा, अर्ज आणि ठराव यांच्या जोडीला रंगाचा डबाही असा जतनाचा युक्तिवाद करीत होता.

आता प्रत्यक्ष जीर्णोद्धाराचे काम कसे चालते ते पाहू. त्याचा आरंभ रंगाने होत नाही, तपासाने होतो. घर केव्हा बांधले याचे सरकारी दस्तऐवज १९०६ च्या आगीत बहुतेक जळाले. परंतु स्प्रिंग व्हॅली या खाजगी पाणीपुरवठा कंपनीच्या नळजोडणीच्या नोंदी टिकल्या, आणि कोणत्या घराला पाणी कोणत्या दिवशी व कोणाच्या नावे जोडले यावरून त्याचे वय व पहिला मालक ठरविता येतात. त्यानंतर गिलावा किंवा तक्ते सावकाश उतरवितात. आतल्या मूळच्या फळ्यांवर पुष्कळदा उखडलेल्या नक्षीचे ठसे राहिलेले असतात: जेथे हस्त होता तेथे रंगाचे थर पोहोचलेले नसतात, त्यामुळे त्याची बाह्यरेषा स्पष्ट उमटते, आणि खिळ्यांची भोके तो किती मोठा व कसा बसविला होता हे सांगतात. एकाच बांधकाम व्यावसायिकाने ओळीने सारखी घरे बांधली असल्यामुळे शेजारचे न बिघडलेले भावंड हाही एक बिनतोड पुरावा असतो. या खुणांवरून सुतार नवा नमुना कापतो. १९७० नंतर अशा जुन्या पट्ट्या, महिरपी आणि हस्त पुन्हा तयार करून देणारे कारखाने शहरात निघाले, आणि शंभर वर्षांपूर्वीची कातारी विद्या नव्याने शिकली गेली.

नक्षी बसल्यावर रंगाऱ्याचे काम सुरू होते, आणि त्याच्या श्रमांचा फार मोठा हिस्सा रंग लावण्यात नव्हे तर जुना रंग काढण्यात व पृष्ठभाग सिद्ध करण्यात जातो. ती तयारी चुकविणे म्हणजे मळलेल्या अंगावर अत्तर शिंपडणे होय. जुन्या रंगाच्या वीस-वीस थरांत शिसे असते. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. त्यापूर्वीचे प्रत्येक घर संशयित धरावे लागते, कारण शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून आता उघड्या ज्योतीने रंग जाळणे वर्ज्य आहे, कोरडे घासणे टाळले जाते, परांचीभोवती व जमिनीवर प्लॅस्टिकची आच्छादने बांधतात आणि अतिसूक्ष्म गाळणीच्या यंत्रांनी धूळ ओढून घेतात. मग कुजलेला भाग कापून तेथे नवे लाकूड सांधणे, फटींत लांबी भरणे आणि अस्तराचा हात देणे या क्रिया होतात. रेडवूडमधील जे द्रव्य त्याला किडीपासून वाचविते तेच ओलाव्याबरोबर बाहेर येऊन नव्या रंगावर तांबूस डाग पाडते. त्यामुळे ते आत कोंडून ठेवणारे अस्तर काळजीपूर्वक निवडावे लागते. त्यावर रंगाचे दोन हात चढले की दहा-पंधरा वर्षांची निश्चिंती मिळते. सोनेरी ठिपके हवे असतील तर तेथे खऱ्या सोन्याचा वर्खच लावतात. पितळी भुकटीचा रंग समुद्री हवेत लवकरच काळवंडतो, सोने मात्र वर्षानुवर्षे तसेच झळकत राहते.

रंगसंगती ठरविणे हे स्वतंत्र शास्त्र मानले जाते. भिंतीचा मुख्य रंग, चौकटी व कंगण्यांचा दुसरा, सरकत्या तावदानांच्या पट्ट्यांचा तिसरा आणि नक्षीच्या गाभ्यासाठी एक-दोन झळकते रंग, अशी साधारण वाटणी असते. क्वचित ही संख्या दहाच्याही पुढे जाते. पुढे आलेला भाग उजळ व खोलगट भाग गडद ठेवला तर कोरीव कामाची खोली वाढल्यासारखी वाटते. उलट केले तर सुताराची मेहनत डोळ्यांआड होते. जोत्याकडे जड रंग आणि शिखराकडे हलका, म्हणजे घर जमिनीवर घट्ट उभे राहिल्याचा भास होतो. खाली वापरलेला झळकता रंग मधल्या मजल्यावर व शिखरातही थोडाथोडा पुन्हा आणावा लागतो, नाहीतर दृष्टी एकाच जागी अडकून पडते. शेजारच्या घरांचे रंग, छपराची छटा आणि पायऱ्यांची वीट हीही विचारात घ्यावी लागतात. शिवाय त्या शहरात उन्हाळ्याच्या सकाळी दाट धुके असते आणि दुपारी स्वच्छ ऊन. म्हणून जाणता कलरिस्ट डब्यावरच्या नमुन्यावर विसंबत नाही, तर भिंतीवरच हातभर पट्टे ओढून ते निरनिराळ्या प्रहरी पाहतो. दक्षिण व पश्चिम बाजू लवकर विटतात, आणि त्यांतही कित्येक तांबडे व जांभळे रंग सर्वांआधी फिके पडतात, हेही त्याला ध्यानात ठेवावे लागते.

या सर्व उपद्व्यापावर शुद्धिवादी पंडितांचा आक्षेप उघड आहे. जुन्या रंगाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर झाडाच्या वर्तुळांप्रमाणे त्याचे थर मोजता येतात, सर्वांत खालचा थर ओळखता येतो आणि प्रमाणित रंगकोशाशी ताडून तो जवळजवळ हुबेहूब बनविता येतो. मग मूळ रंग कळण्याचे साधन हाती असताना मनःपूत रंग देणे ही इतिहासाशी प्रतारणा नव्हे काय? अमेरिकेच्या संघ-सरकारची जतनविषयक मार्गदर्शक सूत्रेही इमारतीस व विभागास अनुरूप अशा रंगांचीच शिफारस करतात. हा वाद आजचा नाही. खुद्द व्हिक्टोरियाच्या काळात जॉन रस्किनने जीर्णोद्धार या कल्पनेवरच कडाडून हल्ला केला होता, आणि १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने स्थापिलेल्या संस्थेचा आग्रह जुन्या वास्तूंना नवे रूप देण्यापेक्षा त्यांची नुसती निगा राखण्याचा होता. संग्रहालय म्हणून राखलेल्या घराच्या बाबतीत पंडितांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे, कारण तेथे घर हाच पुरावा असतो. परंतु राहत्या घराच्या बाबतीत एक भेद लक्षात घ्यावा लागतो. नक्षीदार हस्त एकदा पहारीने उखडला की तो गेला. रंगाचा चुकलेला हात मात्र पुढच्या खेपेस बदलता येतो. ज्या कृतीला परतीची वाट आहे तीत मोकळीक आणि जिला ती नाही तीत कडक निष्ठा, असा विवेक या शहरातील जाणत्या घरमालकांनी बहुतांशी पाळला, आणि शहराच्या नियमांचा कलही तसाच आहे. नुसता रंग बदलण्यास तेथे सामान्यतः परवाना लागत नाही. परंतु नोंदलेल्या वारसा-विभागात दर्शनी नक्षी काढावयाची किंवा खिडक्या बदलावयाच्या तर अर्ज, नकाशा आणि मंजुरी यांतून जावे लागते. कॅलिफोर्नियाच्या १९७२ च्या एका कायद्यान्वये, नगरपालिकेशी दीर्घ मुदतीचा करारनामा करून ऐतिहासिक मिळकतीची दुरुस्ती व देखभाल पत्करणाऱ्या मालकास मालमत्ता-करात सूटही मिळू शकते.

गेल्या काही वर्षांत लंबक पुन्हा उलट दिशेस झुकलेला दिसतो. शहरात तंत्रज्ञानाचा पैसा आला, घरांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या, आणि नव्या मालकांपैकी पुष्कळांनी आपली व्हिक्टोरियन घरे नखशिखांत गडद राखी किंवा काळ्या रंगात बुडवून टाकली. ज्यांनी आयुष्यभर रंगांसाठी झगडा केला त्यांना हे युद्धकालीन मालिन्याचे पुनरागमन वाटते, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. तरीही दोन राखी रंगांत अंतर आहे. पहिल्याच्या पाठोपाठ पहार आली होती. दुसऱ्याखालची नक्षी शाबूत आहे, कारण मधल्या काळातील रंगीत पिढीने ती नक्षी म्हणजे काय आहे हे सर्वांना दाखवून ठेवले आहे. चिंता करावयाची ती निराळ्या गोष्टींची. दर्शनी भिंत तेवढी ठेवून आतले जिने, कठडे आणि लाकडी पटले उपटून टाकणे, जुन्या खिडक्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या बसविणे, आणि जीर्णोद्धार जाणणाऱ्या सुतारांची पिढी संपत जाणे, या हानी रंगाच्या हाताने भरून येणाऱ्या नाहीत. ज्या प्राचीन रेडवूड वृक्षांपासून ही घरे झाली त्यांच्या मूळ अरण्यांपैकी आज शेकडा पाचच्या आसपास शिल्लक आहेत व तीही बहुतांशी राखीव आहेत. तसे घट्ट वीण असलेले लाकूड आता जुन्या घरांतच काय ते मिळते. रंग दर दहा-पंधरा वर्षांनी नवा द्यावाच लागतो, तेव्हा त्याची निवड प्रत्येक पिढीने आपल्या रुचीप्रमाणे खुशाल करावी. लाकडाच्या बाबतीत मात्र निवडीचा हक्क एकाच पिढीला मिळाला होता, आणि तो तिने १९०१ च्या आधीच बजावला आहे.